नेदर एल्बोर्नच्या क्रेसच्या वाफ्यांना पाणी मिळण्याबाबत

प्रति,
मा. परवानगी अधिकारी,
भूमिगत गॅस साठवण कक्ष,
लंडन.

अर्जदार : ईनॉक बिडलकोम, वय ६४, धंदा क्रेसची लागवड, मु. नेदर एल्बोर्न, हॅम्पशायर.
अर्जदारातर्फे लिहिणार : भाची, जिलियन पॉथिकरी.

विषय : जुना बोअर नव्वद फुटांवरून एकशे वीस फुटांपर्यंत नेण्यास परवानगी, आणि मुदतीनंतरचा आक्षेप दाखल करून घेणे.

संदर्भ : आपली दोन पत्रं. एकात अर्जदार जागेवर नाही असं म्हटलंय, दुसऱ्यात तो उशिरा आला असं.

महोदय,

आधी नुसतं ऐकून घ्या. मधे फाईल उघडू नका, कारण फाईलमध्ये जे आहे ते आम्हाला पाठ आहे, आणि जे नाही तेच सांगायचंय.

१. अर्जदार म्हणजे माझा मामा. त्याच्या आज्यानं १८७२ साली ओढ्याकाठी सात वाफे बांधले. वाफ्याच्या तळाला खडी, वर टाचभर वाहतं पाणी, आणि त्या पाण्यात वॉटरक्रेस. आपल्या पहिल्या पत्रात तिला ‘पाणवनस्पती (तण)’ म्हटलंय. साहेब, लंडनमध्ये रविवारी चहाबरोबर जे हिरवं, तिखटसर पान तुम्ही पावात घालून खाता, तेच हे तण. मामा गुडघाभर बुटांत उभा राहून उघड्या हातांनी ते कापतो, रॅफियाच्या दोऱ्यानं जुड्या बांधतो आणि सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे पाठवतो. जानेवारीतसुद्धा. जानेवारीत ते जगतं, कारण बोअरमधून येणारं पाणी बारा महिने एकसारखं कोमट असतं. बाहेर दहिवर गोठून कुंपणं पांढरी झालेली असतात आणि वाफ्यांवरून वाफ निघत असते. पाणी थांबलं की एका गारठ्यात सगळं काळं. एवढीच या धंद्याची मेख आहे, आणि ती कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. उलट इंजिनिअर झालं की ती कळत नाही असा आमचा अनुभव आहे.

२. सातांपैकी सगळ्यात वरचा, बोअरच्या तोंडाशी असलेला, तो आईवाफा. आज्यानं लावलेलं मूळ वाण त्यात आहे. बाकीचे वाफे त्याच्या फांद्या तोडून लावतात. दुसरा वाफा मेला तर आईवाफ्यातून परत लावता येतो. आईवाफा मेला तर परत काही लावता येत नाही. हा अर्ज त्या एका वाफ्यासाठी आहे. बाकी सगळं वाचायचा कंटाळा आला तर एवढं तरी वाचा.

३. आता कायदा. गॅसचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा मामा खूश होता. त्या सरकारला त्यानं मत दिलं होतं. तो म्हणायचा, “गॅस देशाचा झाला, देश आपला, म्हणजे गॅस आपला.” त्याला आता वीस वर्षं होत आली. आमच्या गावात गॅसची एक नळी आलेली नाही. मामी कोळशावर रांधते, आम्ही रॉकेलवर. मग दोन वर्षांपूर्वी नवा गॅस कायदा झाला, त्याच्या दुसऱ्या भागात म्हटलंय की उन्हाळ्यात उरलेला गॅस जमिनीखालच्या दगडात दडवून ठेवायचा आणि हिवाळ्यात लंडनच्या शेगड्यांसाठी वर काढायचा. तो दगड आमच्या गावाखाली निघाला. म्हणजे एकदाचा गॅस गावात येणार, पण पायाखालून, आणि आमच्यासाठी नाही. वर अशी अट, की या भागात शंभर फुटांच्या खाली कोणी भोक पाडायचं नाही, पाडायचं तर आपली परवानगी घ्यायची. गॅस मंडळानं मात्र शंभराच्या खाली हवं तेवढं जावं.

४. या सगळ्याला आम्ही आक्षेप का घेतला नाही, असं आपण दुसऱ्या पत्रात विचारलंय. त्याचं उत्तर सरळ आहे. आम्हाला कोणी सांगितलंच नाही. सांगितलं ते चर्चच्या दाराला.

गावात प्रार्थनेच्या दोन जागा आहेत. वर टेकडीवर चर्च, खाली ओढ्याकाठी आमच्या वेगळ्या पंथाचं चॅपल. १८७८ साली मामाच्या आज्याची तान्ही मुलगी बाप्तिस्म्याआधीच गेली आणि तेव्हाच्या पाद्र्यानं तिला चर्चच्या आवारात पुरू दिलं नाही. आज्यानं तिला आईवाफ्याच्या वरच्या अंगाला, विलोच्या झाडाखाली ठेवलं, आणि सांगितलं की आपल्यातलं कोणी त्या फाटकातून आत जाणार नाही. त्यानंतर कोणी गेलं नाही. लग्नाला नाही, मयताला नाही, पावसात आडोशालासुद्धा नाही. क्रेसवाली चारही घरं चॅपलची. आमच्यासाठी त्या दारावर नोटीस लावणं म्हणजे चंद्रावर लावण्यासारखं आहे.

कायद्याप्रमाणे जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला पत्र द्यायला हवं होतं. मंडळानं नकाशा पाहिला. नकाशात आमचे वाफे निळे दाखवलेत, ओढ्यासारखे. निळं म्हणजे पाणी, पाण्यात माणूस राहत नाही, म्हणून ‘ताबेदार नाही’ असा शेरा मारला, आणि ताबेदार नसेल तिथं ठळक जागी नोटीस लावावी म्हणून गेल्या एप्रिलमध्ये ती चर्चच्या दारावर लावली. चार दिवसांनी त्यावर वेदीवर फुलं ठेवायच्या पाळ्यांचा तक्ता लागला. पाद्रीसाहेबांनी, म्हणजे आत्ताचे मिस्टर थर्लो, यांनी नोटीस वाचली होती. ते म्हणाले, “मला वाटलं चॅपलवाले आक्षेप घेतील. ते सगळ्यालाच घेतात.” अठ्ठावीस दिवस संपले. आक्षेप शून्य. जूनमध्ये गॅस साठवणीच्या आदेशावर सही झाली. आणि आपण लिहिता, “चर्चच्या दारावर लावलेली नोटीस संबंधितांनी वाचली, असे कायद्याने मानण्यात येते.” हे वाक्य मामानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “पोरी, यावर खूण करून ठेव.” मी केलीय.

५. सप्टेंबरमध्ये मंडळानं आमच्या वरच्या बाजूला, दोनशे यार्डांवर, चाचणीचा बोअर घेतला. त्याला पाणी लागलं. चांगलंच लागलं. ते पाणी आपोआप वर उसळायला लागलं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बोअरची धार निम्मी झाली. ज्यानं आमचा बोअर घेतला त्याचा मुलगा येऊन पाहून गेला. म्हणाला, पाणी खाली बसलंय, तीस फूट आणखी गेलात तर मिळेल. तीस फूट म्हणजे एकशे वीस. म्हणजे आपण.

आमचं पाणी त्या बोअरमधून तेव्हापासून रात्रंदिवस गल्लीतल्या चरीत जातंय. मंडळ त्याला ‘निरीक्षण बोअर’ म्हणतं. मंगळवारी आणि शुक्रवारी एक माणूस मोटारीतून येतो, बोअरकडे बघतो, वहीत ‘वाहत आहे’ असं लिहितो आणि जातो. वाहत आहे हे गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे, त्याला उडी मारून पलीकडे जावं लागतं.

६. ऑक्टोबरातच मंडळाचे इंजिनिअर मिस्टर ट्रब्शॉ गावच्या हॉलमध्ये माहिती द्यायला आले. आदेशावर सही झाल्यावर चार महिन्यांनी माहिती. आमच्या बायकांनी चहा केला होता. मामानं उभं राहून विचारलं, “गॅस खाली घातला की तिथलं पाणी कुठं जाणार?”

“बाजूला सरकेल.”

“कुठल्या बाजूला?”

“त्याचं निरीक्षण चालू आहे, मिस्टर बिडलकोम.”

“आणि माझे वाफे?”

मिस्टर ट्रब्शॉंनी नकाशा पसरला, निळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथं कसलेही वाफे नाहीत.” हे बोलताना त्यांच्या हातात क्रेसचं सँडविच होतं. ते मामाच्या तिसऱ्या वाफ्यातलं. आठवं. मामीनं मोजली होती. मागून कोणीतरी म्हणालं, “मग नसलेल्या वाफ्यातलं आणखी एक घ्या की साहेब.” त्यांनी घेतलं.

७. नोव्हेंबरमध्ये मामानं आपल्याकडे रीतसर अर्ज केला. आपण उत्तर दिलंत की अर्ज जागेच्या ताबेदारानंच करायचा असतो, आणि सदर जागेत, नकाशाप्रमाणे, पाणी आहे. मामानं परत लिहिलं की आता पाणीही नाही, तेच तर मागतोय. त्यावर दुसरं पत्र, की मुदत संपली. म्हणजे त्या जागेत मामा राहत नाही, पाणी राहत होतं ते गेलं, आणि तरी बोअर घ्यायचा नाही, कारण जे कोणी तिथं राहत नाही त्यानं वेळेवर हरकत घेतली नाही. एवढ्या हुशारीची पत्रं लिहायला आपल्याकडे किती माणसं आहेत कळत नाही, पण त्यातल्या एकाला जरी कुदळ दिली असती तर एव्हाना वीस फूट खाली गेला असता.

डिसेंबरात दोन वाफे काळे पडले. खालचे दोन.

८. आता जे झालं ते नीट सांगते, कारण यावरून मंडळानं मामावर ‘कामात अडथळा’ आणल्याचा ठपका ठेवलाय.

२८ जानेवारी, शनिवार. गारठा असा की चॅपलचा नळ फुटला. बोअरची धार दोन बोटांएवढी उरली होती. मामा फोनच्या लाल खोक्यात गेला आणि मिस्टर ट्रब्शॉंना फोन लावला. मी दार धरून उभी होते, माझ्यामागे पाद्रीसाहेब आपल्या पाळीची वाट बघत होते. मामा म्हणाला, “तुमचं वाया जाणारं पाणी फक्त उद्यापुरतं माझ्याकडे वळवू द्या. साठ यार्डांची चर खणली की उतारानं येईल.” पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण मामा म्हणाला, “सोमवारी अर्ज कशाचा करू, पिकाचा की मयताचा?” आणि फोन ठेवला.

पाद्रीसाहेबांनी विचारलं, “मग आज खणता का?”

मामा म्हणाला, “अंधार पडत आलाय. बारा वाजायच्या आत होणार नाही, आणि उद्या रविवार आहे.”

महोदय, चॅपलचा माणूस रविवारी फावड्याला हात लावत नाही. आम्ही रविवारी जोडेसुद्धा पुसत नाही, शनिवारी पुसून ठेवतो. मी मामाला म्हटलं, या एका रविवारी देव बघणार नाही. तो म्हणाला, “गॅस मंडळ बघत नाही म्हणून देवही बघत नसेल असं समजू नकोस.”

रविवारी आम्ही सकाळी चॅपलला गेलो, दुपारी परत गेलो. मामा सगळी भजनं म्हणाला, आवाज न उतरवता. संध्याकाळी चारला घरी येताना ओढ्याचं वळण घेतलं आणि मामा थांबला. पाचही वाफ्यांवरून वाफ वर चालली होती. गल्लीपासून वाफ्यापर्यंत सरळ चर खणलेली, आणि त्या चरीत पाद्रीसाहेब चिखलात गुडघ्यापर्यंत, त्यांच्यामागे सकाळच्या प्रार्थनेची सगळी मंडळी, म्हणजे अकरा जण, हातात चर्चची कबरी खणायची फावडी घेऊन. त्यात फुलांच्या पाळ्यांचा तक्ता लावणाऱ्या बाईसुद्धा होत्या.

पाद्रीसाहेब म्हणाले, “मिस्टर बिडलकोम, तुम्ही काही पाहिलं नाहीत. तुमच्यात रविवारी काम चालत नाही, आणि पाहणं हेही कामच आहे.”

मामा म्हणाला, “ते मी मंडळाच्या माणसाकडून शिकलोय. पगारसुद्धा मिळतो.”

एकोणनव्वद वर्षं जे दोन्हीकडचे लोक एकमेकांना नुसती मान हलवत होते ते तिथं उभे राहून वाफ्यांकडे बघत होते, आणि मामीनं सगळ्यांना चहा दिला. रविवारी किटली ठेवायला आमच्यात परवानगी आहे.

९. सोमवारी मिस्टर ट्रब्शॉ तीन माणसं घेऊन आले, चर मातीच्या पोत्यांनी बुजवली आणि पाणी परत गल्लीत सोडलं. वहीत लिहिलं, ‘वाहत आहे’. मंगळवारी सकाळी तिसरा वाफा काळा. त्या आठ सँडविचांचा.

चर अर्जदारानं खणलेली नाही हे शपथेवर सांगायला अर्जदार तयार आहे. ती कोणी खणली ते त्यानं पाहिलेलं नाही, वर सांगितलेल्या कारणानं.

१०. आजची स्थिती अशी, की गल्लीतली चर सार्वजनिक आहे, तिच्यातलं पाणी बादलीनं उचलायला अजून तरी कायदा झालेला नाही. झाला असेल तर तो कुठल्या दारावर लावलाय ते कळवा. दुधाचे कॅन आणि बादल्या घेऊन लोक आईवाफ्याला पाणी घालतायत, दिवसा तासातासाला आणि रात्री दोनदा. सोमवार ते शनिवार चॅपलवाले, रविवारी चर्चवाले. असा तक्ता पाद्रीसाहेबांनीच केलाय, पाळ्या लावायची त्यांच्याकडे सवय आहे. बादल्यांनी एक वाफा जगतो. बाकीच्या तिघांना पुरत नाही, त्यांच्या कडा काळ्या पडायला लागल्यात. मामा कालपासून बुटांसकट खुर्चीत झोपतो. हात फुटलेत. त्याला मी म्हटलं, असं किती दिवस चालणार. तो म्हणाला, “अठ्ठावीस.”

११. कारण असं. आज सकाळी मामानं दाढी केली, रविवारचा कोट घातला, शनिवार असूनही, आणि या अर्जाची पहिली प्रत आणि चार खिळे घेऊन टेकडी चढला. मी बरोबर होते. फाटकाशी तो थांबला. बराच वेळ थांबला. टोपी काढली, परत घातली, परत काढली. पाद्रीसाहेब आत होते, त्यांनी नुसतं फाटक उघडं धरलं, आणि ते बरं केलं. मामा आत गेला. एकोणनव्वद वर्षांत आमच्यातला पहिला. दारापाशी गेल्यावर त्यानं फुलांचा तक्ता वर उचलून पाहिला. खाली आपली नोटीस अजून होती, गंजलेल्या चार टाचण्यांवर. त्यानं ती सगळी वाचली, सावकाश, बोट लावून. मग तिच्या शेजारी आमचा अर्ज ठोकला. परत येताना तो एवढंच म्हणाला, “आज्याला सांगायला हवं. पण पाण्याचंच काम होतं, तो समजून घेईल.”

तेव्हा महोदय, ही दुसरी प्रत आपल्याला टपालानं पाठवतेय ती केवळ सौजन्य म्हणून. पहिली प्रत नेदर एल्बोर्नच्या चर्चच्या दारावर ठळक जागी लावली आहे, आणि म्हणून आपण ती वाचली असं कायद्यानं मानण्यात येतं. आपल्याला आक्षेप असल्यास तो त्याच दारापाशी अठ्ठावीस दिवसांत नोंदवावा. मुदत ४ मार्चला संपते. तोपर्यंत आपण आला नाहीत तर आपली हरकत नाही असं धरून ६ मार्चला, सोमवारी, सकाळी सात वाजता बोअर खाली जायला सुरुवात होईल. ५ तारीख मोकळी सोडली आहे, ती रविवार आहे. आपल्या प्रतीवर फुलांचा तक्ता लागणार नाही, असं पाद्रीसाहेबांनी कबूल केलंय.

हे बेकायदेशीर आहे असं आपण म्हणाल. असेलही. पण तुमच्या आज्याचा वाफा असता, त्याच्या वरच्या अंगाला त्या विलोखाली जे आहे ते तुमचं असतं, पाणी डोळ्यांसमोर गल्लीतून वाहत असतं आणि एक माणूस येऊन ते वहीत लिहून जात असता, तर साहेब, तुम्ही काय केलं असतंत?

नकाशावर नसलेला, पण जागेवर हजर असलेला,

(सही) ईनॉक बिडलकोम

नेदर एल्बोर्न, शनिवार, ४ फेब्रुवारी १९६७

सोबत :
(१) आपल्या दुसऱ्या पत्राची नक्कल, खूण केलेल्या वाक्यासह.
(२) बादल्यांच्या पाळ्यांचा तक्ता, चर्च आणि चॅपल मिळून एकोणचाळीस नावं. रिकाम्या जागेत आपलं नाव घालता येईल.
(३) तिसऱ्या वाफ्यातली क्रेसची एक जुडी, काळी. ती हातात घेऊन बघावी. निरीक्षण म्हणून नोंद केलीत तरी चालेल.